हणमंताची मिशी आणि अकरा गावांचं सुतक

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगाला दोन घोट पाणी पिऊ द्या. आणि मागं खांबाला टेकलेले काका — झोपा नंतर, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या!

प्रश्न सोपा आहे. आमच्या नववीच्या पेपरासारखा नाही, आकृती काढायची नाही. प्रश्न असा — माणूस गेला, चार माणसं त्याच्या दारात येऊन बसली, तर ती काय बोलतात? ‘फार चांगला होता हो!’ बरोबर? अहो, पण ते तर सगळ्यांबद्दलच बोलतात! ते सोडा. त्याच्या पुढचं वाक्य काय? आणि तुमच्याबद्दल ते पुढचं वाक्य काय असेल?

झाली का शांतता! आत्तापर्यंत माईक असूनही माझा आवाज मागं पोचत नव्हता!

तर ह्या प्रश्नाचं उत्तर मी आज मिशीतून काढणार आहे. हसा, हसा! जिला मिशी नाही ती मिशीवर काय बोलणार? अहो, पंगतीत जो जेवत नसतो, तोच नीट वाढतो!

पीळ देता देता । गेला दिस सारा ।
ओठावरी तोरा । पोटी काय ॥

ऐका मंडळी. हिवरटेक नावाचं एक गाव. तिथं भैरोबा सहकारी दूध संघ. रोज पहाटे संघाचा टेम्पो निघायचा, अकरा गावं फिरायचा, दुधाचे कॅन भरून दुपारी परत यायचा. टेम्पो कोण चालवायचं? हणमंत डुबल. चाळिशीला टेकलेला, शांत माणूस. घरात आवाज नाही, बाहेर आवाज नाही. आवाज फक्त टेम्पोच्या हॉर्नचा!

आणि घरातला आवाज कुणाचा? तात्यांचा! हणमंताचे वडील, गणपतराव डुबल. तीस वर्षं पोलीस पाटील होते. आणि मिशी? अरारारा! दोन्ही टोकांवर दोन लिंबं ठेवा आणि खुशाल चालायला लावा, लिंबू पडणार नाही! तात्या सकाळी देवाला एक मिनिट द्यायचे आणि मिशीला अर्धा तास. तूप वेगळं, फणी वेगळी. कुणी तात्यांच्या मिशीला हात लावेल? वाऱ्याची सुद्धा टाप नव्हती!

आता एक दिवस काय झालं. संघाच्या अलीकडं, वळणावर एक शाळा होती. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांची शाळा. हणमंत टेम्पो घेऊन वळणावर आला आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक पोरगी! पाठमोरी! खाली वाकून चिंचा वेचतेय. हणमंतानं हॉर्न दाबला. पोरगी हलेना. पुन्हा दाबला. हलेना! मग ब्रेकवर असा उभा राहिला की मागचे कॅन एकमेकांवर आपटले, दूध रस्त्यावर सांडलं — आणि टेम्पो थांबला. किती अंतरावर? हा एवढा. माझ्या हातातल्या चिपळ्यांएवढा.

पोरगी तेव्हा वळली. हणमंताकडं बघून हसली. आणि एक चिंच पुढं केली!

मैना तिचं नाव. नऊ वर्षांची. हणमंतानं चिंच घेतली. त्याचे हात थरथरत होते. घरी कुणाला काही सांगितलं नाही त्यानं. डुबलांच्या पोराचे हात थरथरले, हे तात्यांना कोण सांगणार?

पण संघात सांगितलं. कॅन का सांडले ते सांगावंच लागलं ना! सगळे ऐकत उभे राहिले. दूध तपासणारा शकील मुल्ला शेवटी म्हणाला, “हणमंतभाऊ, त्या शाळेत चौदा पोरं अशी हायत, यंत्र लावलं तर थोडंफार ऐकू येईल. मुख्याध्यापक सांगत होते. पण चांगलं यंत्र आणायचं कुठनं?”

आता संघात एक निवेदिता मॅडम होत्या, प्रयोगशाळेच्या मुख्य. त्या म्हणाल्या, “मी वाचलंय. परदेशात एका हापिसातले पुरुष महिनाभर सगळे मिळून मिश्या वाढवतात, आणि लोक त्यांच्याकडं बघून दान देतात.”

शकील म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं मिश्या वाढलेल्याच हायत. त्याला कोण दान देणार?”

“म्हणून तर पहिल्या दिवशी सगळ्यांनी काढायच्या! कोरी पाटी. मग महिनाभर वाढवायच्या.”

बघा मंडळी! मिशीची कल्पना कुणाची? बाईची! मी म्हटलं नव्हतं का, जेवत नसतो तोच नीट वाढतो!

ठरलं. संघात पुरुष चौदा, शाळेत पोरं चौदा. एकेकाच्या वाट्याला एकेक पोर. संघाच्या दारात चौदा किटल्या ठेवल्या, वर एकेकाचं नाव. दूध घालायला येणाऱ्यानं ज्याची मिशी आवडेल त्याच्या किटलीत एक माप जास्तीचं ओतायचं. त्या दुधाचे जे पैसे होतील त्यातून त्या पोराचं यंत्र. हणमंतानं कोण मागून घेतली? मैना!

सगळं ठरलं. एकच गोष्ट राहिली. सांगा बघू कुठली?

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात आलीय, मला इथून दिसतंय! आपल्याकडं बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावतात का? छे! वडील गेले, की मगच मिशी उतरते. आणि चौदातल्या नऊ जणांचे वडील ठणठणीत! पण एकत्र बसलं ना, की माणसाला धाडस येतं. नऊच्या नऊ जणांनी मनात एकच विचार केला — घरी दोन शिव्या बसतील, बसू दे!

महिन्याच्या पहिल्या तारखेला पहाटे संघाच्या अंगणात न्हावी बसला. चौदा मिश्या उतरल्या. हणमंताची पाळी शेवटची. न्हाव्याचा हात थांबला. “तात्यांना विचारलंस का?” हणमंत डोळे मिटून म्हणाला, “लाव वस्तरा, नायतर पळून जाईन!”

बाकीचे आठजण घरी गेले. बापांनी दोन-दोन शिव्या हासडल्या, विषय संपला. पण हणमंत घरी गेला का? नाही! तो कुठं गेला? टेम्पो घेऊन! अकरा गावं! तो उघडा ओठ घेऊन!

पहिल्या गावात लोकांनी बघितलं. बघितलं आणि माना खाली घातल्या. दुसऱ्या गावात एकानं पाठीवर हात ठेवला आणि कॅन स्वतःच उचलून टेम्पोत ठेवला. तिसऱ्या गावात एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून आत गेली. हणमंताला वाटलं, बघा, शाळेतल्या पोरांची बातमी कुठपर्यंत पोचली! लोकांना किती कळवळा आहे!

आणि तुम्ही म्हणाल, कुणी फोन करून विचारलं का नाही? अहो, काय विचारणार? ‘हॅलो, तुमचे वडील गेले का?’ असं विचारतात होय? आपल्याकडं विचारत नाहीत. आपल्याकडं निघतात! अकरा गावांतनं माणसं निघाली. जीपनं निघाली, दुचाकीवर निघाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कुणी पिठलं घेतलं, कुणी भाकऱ्या बांधल्या — कडू घास! आणि सगळ्यात पुढं कोण? तात्यांची थोरली बहीण, अक्का!

दुपारी हणमंत घराकडं वळला. तर दारात चपलांचा ढीग. ओट्यावर तीस माणसं. आणि आतून अक्काआत्याचा हंबरडा — “माझा गणपा गेला गं बाई!”

मंडळी, हणमंतानं टेम्पोचं दार तसंच उघडं टाकलं. त्याच्या मनात एकच आलं — मी मिशी काढली आणि तात्या खरंच गेले! सकाळी निघताना तात्यांकडं बघितलं पण नव्हतं, मनातलं तोंडावर दिसेल म्हणून. तो तसाच ओट्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. आत्यानं त्याला कुशीत घेतलं. आणि मग लोक बोलायला लागले. तेच ते, चार माणसं बोलतात ते.

“फार चांगला माणूस होता.”

“हां. आणि मिशी काय होती!”

“मिशी म्हंजे मिशीच! तसली मिशी पुन्यांदा होणे न्हाई.”

“आमच्या लग्नात आलते. लोकं नवऱ्याला सोडून मिशीच बघत होती.”

“तूप कुठलं लावायचे, काय ठावं...”

एवढ्यात मागच्या गोठ्यातनं एक माणूस आला. म्हशी धुऊन आलेला, डोक्यावरनं टॉवेल ओढलेला. गर्दी बघितली, वाटलं, भावकीतलं कोणीतरी गेलं असणार. रीत म्हणून गपचिप मागं बसला. थोडा वेळ ऐकलं. मग शेजारच्याला कोपरानं ढोसून विचारलं, “कुनाच्या मिशीचं चाललंय रं?”

“गणपतराव पाटलाच्या.”

“आन् मेलं कोन?”

“तेच की!”

टॉवेल खाली आला! अक्कानं वळून बघितलं. एकदा टॉवेलकडं, एकदा मिशीकडं. आणि हंबरडा मध्येच तुटला — “अगं बया! हा तर हितंच बसलाय!” आणि धपकन् मागच्या मागं! पिठल्याच्या पातेल्यात नाही बसली एवढंच!

हसून घ्या. हणमंत मात्र हसत नव्हता. तो पळत गेला आणि त्यानं बापाला मिठी मारली! आयुष्यात पहिल्यांदा. तात्यांनी त्याला धरून दूर केलं, तोंड वर उचललं — आणि मिशी नाही!

“मी जिता हाय, हणमंता!”

“व्हय तात्या.”

“मग हे काय?”

हणमंतानं सांगितलं. किटल्या सांगितल्या, शाळा सांगितली. हात थरथरले ते सोडून सगळं सांगितलं. तात्या म्हणाले, “माझं मढं बसवलंस तू अकरा गावांत! आजच्या आज त्या खेळातनं नाव काढ.”

आणि मंडळी, जो माणूस चाळीस वर्षांत बापासमोर मान वर करून बोलला नव्हता, तो म्हणाला, “नाव न्हाई काढणार, तात्या.”

“मग मिशी येस्तोवर हा उंबरा चढायचा न्हाई!”

हणमंतानं कपड्याची पिशवी घेतली आणि संघात राहायला गेला. सुनबाई, सुरेखा, हरभरा खुरपून घरी आली तेव्हा तात्या ओट्यावर एकटे बसले होते. पुढ्यात तीस माणसांचा कडू घास. ती म्हणाली, “खावा आता. तुमच्याच नावाचा हाय.” तात्यांनी खाल्ला हो! भूक लागली होती. पण घास कडूच लागला त्यांना.

आता इकडं संघात काय? बाकीच्या तेरा किटल्यांत दूध. शकीलच्या ओठावर मुंग्यांची रांग दिसायला लागली, बायका हसून माप ओतायच्या. आणि हणमंताची किटली? कोरडी ठणठणीत! गणपतराव पाटलांनी ज्याला घराबाहेर काढलं, त्याच्या किटलीत कोण ओतणार? अकरा गावांत कुणाची हिंमत? लोक यायचे, माप हातात घ्यायचे, नाव वाचायचे, आणि पुढच्या किटलीकडं सरकायचे.

शकील म्हणाला, “हणमंतभाऊ, माझ्यातलं घे की थोडं.”

“तुझ्या वाट्याच्या पोराच्या अजून एकाच कानाचे पैसे झालेत. आधी त्याचा दुसरा कान कर.”

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी टेम्पो गावाबाहेर पडला, तर रस्त्यावर काठी आडवी. तात्या!

“थांबव.”

चढले. बसले. एक गाव गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या गावाला म्हणाले, “हणमंता. त्या दिवशी तीस माणसं आलती. मिशीबिगर एकजण तरी माझ्याबद्दल काय बोलला का रं?”

हणमंतानं खूप आठवून बघितलं. खोटं बोलता आलं असतं. पण बापानं पहिल्यांदा त्याला काही विचारलं होतं.

“न्हाई, तात्या.”

“हं.” बास, एवढंच!

अकरा गावं फिरून टेम्पो शाळेच्या वळणावर आला. हणमंतानं गाडी थांबवली, खाली उतरला, पुढं बघितलं, मागं बघितलं, वाकून चाकांखाली बघितलं, आणि परत चढला.

“काय हरवलंय?”

“न्हाई तात्या. त्या दिवसापास्नं रोज बघतो.” आणि मग सांगितलं. हॉर्न सांगितला, चिपळ्यांएवढं अंतर सांगितलं, आणि थरथरलेले हात पण सांगितले. “हॉर्न वाजवायचा धीरच होत न्हाई आता हितं. वाटतं, वाजवला आन् ती वळलीच न्हाई तर?”

तात्यांनी पोराच्या हातांकडं बघितलं. स्टिअरिंगवर होते. आत्ताही थरथरत होते.

तेवढ्यात मैना आली! हणमंत तिला रोज पेलाभर दूध द्यायचा. तिनं पेला तोंडाला लावला, गटागटा प्यायली, आणि पेला काढला तर वरच्या ओठावर पांढरीशुभ्र मिशी! दुधाची! तिनं तात्यांकडं बघितलं. तात्यांच्या मिशीकडं बघितलं. असली मिशी तिनं कधी बघितलीच नव्हती. खरी असेल का?

बघा, माणसाला शंका आली की तो काय करतो? मोठा माणूस दुसऱ्याला विचारतो. पोर काय करतं? ओढून बघतं! तिनं दोन्ही मुठीत दोन टोकं धरली आणि — हिसका!

वाऱ्याची टाप नव्हती जिथं! तात्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. आणि मग तात्या हसले! असे हसले, असे हसले, की पोट धरून टेम्पोच्या पायरीवर बसले. मैनानं पेल्याच्या तळातलं दूध बोटावर घेतलं आणि हणमंताच्या खुंटावरनं ओढलं. काळे खुंट, वरती दुधाची रेघ. मग तिनं तात्यांकडं बोट केलं आणि मान हलवली. तुम्ही पास! हणमंताकडं बोट, परत मान. तुम्ही पण पास!

तात्या उठले. “हणमंता, तुमच्या संघात न्हावी कुठं बसतो?”

“तात्या, तुमची न्हाई काढायची! तुम्ही न्हाई त्या खेळात!”

“कोरी पाटी केल्याबिगर खेळात घेत न्हाईत म्हनं. आन् माझा बाप वर जाऊन तीस वर्सं झाली, मला कुनाची परवानगी नको.”

दूध घालायला अख्खं गाव जमलेलं. त्या गर्दीत तात्या खुर्चीवर बसले. न्हावी नुसता वस्तऱ्याला धारच लावत बसला. तात्या म्हणाले, “चालव रं! पोरीनं ओढून सैल केलीय, लगेच निघंल!” वस्तरा फिरला. तीस वर्षांची मिशी पांढऱ्या कापडावर पडली.

लोकांनी सवयीनं डोक्यावरच्या टोप्या काढल्या. शेवटी एक म्हातारा पुढं आला, हळूच म्हणाला, “पाटील... आता हे कोन गेलं?”

तात्या म्हणाले, “गणपतराव डुबल गेला. मिशीवाला. तुम्ही सगळे रडून बी गेलाय त्याच्यासाठी, इसरलात व्हय?”

मग तात्यांनी स्वतःच्या म्हशीचं दूध आणायला लावलं. पहिलं माप हणमंताच्या किटलीत! आणि मग काय विचारता! नऊ दिवस ज्यांनी माप हातात धरून नाव वाचलं होतं, ते धावले. संध्याकाळपर्यंत किटली भरून जमिनीवर! दुसरी आणली, ती पण! कुणीतरी पंधराव्या किटलीवर तात्यांचं नाव लिहून ठेवलं. लोक नुसतं तात्यांचा मोकळा ओठ बघायला दोन-दोन कोसांवरनं माप घेऊन यायचे! महिन्याच्या शेवटी सगळ्यांना मिश्या आल्या. तात्यांचीही आली. ती कशी दिसत होती? जुन्या खराट्यासारखी! पण तेल नाही, तूप नाही, पीळ नाही. म्हणाले, “ऱ्हाऊ दे अशीच. पोरीला हाताला टोचू नये एवढंच.”

पीळ देता देता । गेला दिस सारा ।
ओठावरी तोरा । पोटी काय ॥

यंत्रं आली. चौदा पोरांच्या कानांना लागली. डॉक्टरांनी सांगितलं, लगेच शब्द कळणार नाहीत, आवाज म्हणजे काय हेच आधी शिकावं लागेल. धीर धरा.

पण हणमंताला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी मैना शाळेच्या फाटकाशी, पाठमोरी. चिंचा वेचतेय, अजून! हणमंतानं गाडी लांब, झाडाखाली थांबवली. हात हॉर्नवर ठेवला. शेजारी तात्या. त्यांनी पोराच्या हातावर आपला हात ठेवला. आणि दोघांनी मिळून दाबला.

पँ!

मैनाच्या हातातनं चिंच पडली.

ती वळली.

घाबरली. दोन्ही हात कानांवर. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि टेम्पो दिसला! तोंड एवढं उघडलं तिनं! आणि मग हात वर करून खूण केली. परत! परत दाबा! पँ! परत! पँ पँ! शाळेतली सगळी पोरं बाहेर आली, चौदाच्या चौदा कानांवर हात ठेवून नाचायला लागली! हणमंतानं इतका हॉर्न वाजवला, इतका वाजवला, की शेवटी बॅटरी उतरली, आणि दुधाचा टेम्पो संघापर्यंत ढकलत न्यावा लागला! कोण ढकलत होतं? मिशीवाले चौदा, आणि खराट्यावाले एक!

त्या संध्याकाळी, यंत्रांचं काम पुरं करूनच, हणमंत घराचा उंबरा चढला. अक्काआत्या आली होती. तात्यांनी तिला समोर बसवलं. म्हणाले, “अक्के, मी गेलो असं समज. रड बघू परत एकदा.”

“आता गं बया! काय लावलंयस?”

“रड म्हंतो ना! ऐकू दे.”

अक्कानं पदर तोंडाला लावला. घसा साफ केला. “माझा गणपा गेला गं...” आणि थांबली. तात्या कान टवकारून बसलेले. हणमंत दारात उभा. अक्का आपल्या भावाकडं बघत राहिली, त्या खराट्याकडं बघत राहिली, आणि म्हणाली, “माझा गणपा गेला गं... आता त्या पोरीला हॉर्न कोन वाजवून दाखवंल!”

तात्या म्हणाले, “बास. जमलं. आता जेवायला वाढा.”

मंडळी, पहिला प्रश्न विसरला नाहीत ना? उत्तर मी सांगणार नाही! आज घरी गेल्यावर जेवायला बसाल, तेव्हा समोर जो असेल त्याला विचारा — बायकोला विचारा, सासूला विचारा, हिंमत असेल तर सुनेला विचारा — ‘मी गेलो असं समज. दुसरं वाक्य काय बोलशील?’ आणि तिनं तुमच्या बंगल्याचं नाव घेतलं, गाडीचं घेतलं, नथीचं घेतलं, मिशीचं घेतलं, तर घाबरू नका. अजून तुम्ही इथं बसलाय! ते वाक्य बदलायला वेळ आहे.

मला विचाराल, तर मी घरी विचारून बघितलं. आई म्हणाली, ‘अभ्यास सोडून सगळं करायची!’

माझंही वाक्य बदलायचंय, मंडळी. चला, घ्या टाळ हातात. आणि खांबाला टेकलेले काका, आता झोप येत नाही ना? मग सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच म्हणायचं! असं म्हणा, की वळणावरच्या पोरीनं सुद्धा वळून बघितलं पाहिजे!